तिची काजळी आणि माझी

आम्ही दोघा नवरा-बायकोनं मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे काजळ धरणं. थंडीचे दिवस, दुपारची जेवणं झालेली. मागच्या खोलीत वारा लागत नाही, म्हणून तिथं बसलो. ती पाटावर, मी खाली फरशीवर एक पाय लांब करून, कारण गुडघा मुडपत नाही. मधे एरंडेलाचा दिवा. मी सांडशीत ताटली पालथी धरली होती, ताटलीच्या पाठीवर ओलं फडकं. ती सुई घेऊन वात सारत होती. एरवी ताटली ती स्वतः धरायची, पण अलीकडं तिचं मनगट थरथरायचं.

"हलवू नका."

"मी कुठं हलवतोय? ज्योत हलतेय."

"ज्योत तुमच्या श्वासानं हलतेय. तोंड तिकडं करा. फौजेत माणूस होतात की फुंकणी?"

मी तोंड भिंतीकडं केलं. मग ताटली दिसेना, तर ती म्हणाली, "बघायचंय कशाला? मी बघते. तुम्ही नुसते खुंटीसारखे राहा."

तर मी खुंटीसारखा राहिलो. तिच्या माहेरच्या तीन पितळी ताटल्या होत्या. एक ज्योतीच्या पिवळ्या पोटात धरली, एक बरोबर टोकाला, एक वर वीतभर अंतरावर. अशा तीन कशाला, तर नातीनं सांगितलं होतं म्हणून.

नात म्हणजे माझ्या मुलीची मुलगी. मुलगी-जावई भोपाळला असतात, नात कानपूरला शिकते. शिकते म्हणजे आता फार वरचं. डॉक्टर होणार, पण औषध देणारी नाही. ती ज्योतीतली काजळी मोजते. पहिल्यांदा सांगितलं तेव्हा मला हसू आलं. मी फौजेत स्वयंपाकी होतो, झाशीजवळच्या बबिना छावणीच्या लंगरमध्ये, म्हणजे फौजी स्वयंपाकघरात, मोठमोठ्या बर्नरवर माझं आयुष्य गेलं. माझं काम भांड्याला काजळी न धरू देण्याचं. बर्नरनं पिवळी जीभ काढली की हवालदार शिव्या घालायचा. म्हटलं, ही पोर शाळेत जाऊन जाऊन शेवटी चुलीपाशी आली.

पण तिच्या आजीला हसू आलं नाही. ही झाशीचीच, इथं पिढ्यान् पिढ्या राहिलेल्या मराठी घरातली. मी साताऱ्याकडचा, नोकरीनं इथं आलेला आणि हिच्यामुळं इथंच राहिलेला. हिच्या घरात काजळ धरायची रीत आईकडून लेकीकडं आलेली. आमच्या गल्लीत कुणाच्या घरी मूल झालं की छठीच्या, म्हणजे सहाव्या दिवसाच्या पूजेच्या आधी बाई दाराशी यायची, आणि ही डबी भरून द्यायची. विकलं कधी नाही. म्हणायची, डोळ्यात घालायची वस्तू विकायची नसते.

नात मागं आली होती तेव्हा दोघी दिवसभर याच गोष्टी बोलत होत्या. मी मधे मधे चहा करून देत होतो. नातीचं मराठी अर्धं हिंदी, पण समजायचं. ती म्हणाली, काजळीचा कण इतका बारीक असतो की डोळ्याला दिसायचा प्रश्नच नाही, मग तो केवढा आहे हे मोजायच्या निरनिराळ्या रीती आहेत. एक रीत अशी, की तांब्याच्या जाळीची एवढीशी टिकली क्षणभर ज्योतीत घालायची आणि बाहेर काढून मोठ्या दुर्बिणीखाली बघायची. दुसरी, ज्योतीला हातच लावायचा नाही. तिच्यातून उजेडाचा झोत सोडायचा, किती अडला, किती बाजूला उडाला ते बघायचं आणि हिशेबानं कण काढायचा. तिसरी मला फार आवडली. झोतानं कण एकदम लाल तापवायचा आणि तो किती वेळात निवतो ते बघायचं.

मी म्हटलं, "लहान वडा लवकर निवतो, मोठा आतून गरम राहतो. तसंच ना?"

"अगदी तसंच आजोबा! बस, यही है."

मला केवढं बरं वाटलं. बायकोकडं बघितलं, तर ती म्हणाली, "वड्यावर आले बघ. आता जिलबीपर्यंत जातील."

पण नातीचं गाऱ्हाणं असं, की एकाच ज्योतीला या तिन्ही रीती तीन आकडे सांगतात. कारण कण एकटा राहत नाही. वर जाता जाता एकमेकांना चिकटतो, द्राक्षाच्या घडासारखा. एक रीत द्राक्ष मोजते, दुसरी घड मोजते.

"मग खरं कोणतं?" हिनं विचारलं.

"वही तो ढूँढ रही हूँ, आजी."

मग हिनं स्वतःच्या रीती दाखवल्या. काजळी अंगठ्याच्या नखावर घ्यायची आणि दुसऱ्या हाताच्या बोटानं चोळायची. बारीक असेल तर नख आरशासारखं काळं चकाकतं, जाड असेल तर खर लागते, बोटाला रवाळ खरखरतं. दुसरं, वाटीत पाणी घेऊन वर चिमूटभर सोडायची. बारीक काजळी साय धरल्यासारखी पसरते, जाड असली की ठिपके ठिपके होतात. आणि शेवटचं, आधी आपल्या डोळ्यात घालायचं. पाणी आलं की ती काजळी गटारात. "दुसऱ्याच्या लेकराच्या डोळ्यात मग," असं म्हणायची. नातीनंही नखावर चोळून पाहिलं. तिला काही खर समजेना. हिनं तिचा अंगठा धरून धरून शिकवलं.

तेव्हाच नातीनं ठरवलं, की आजीच्या दिव्याची काजळी आपल्या सगळ्या मशिनींतून काढायची. एकाच दिव्याची, तीन उंचींवरची. आणि आजीच्या नखाचं काय म्हणणं आहे तेही शेजारी लिहायचं. फोनवर तिनं बजावलं होतं, की काजळी खरवडायची नाही, तूप लावायचं नाही, जशी ताटलीवर बसली तशीच ठेवायची, मी रविवारी येऊन घेऊन जाते. हिनं मला दोनदा सांगितलं, "ताटल्यांना हात लावू नका." मला ऐकू आलं होतं. कान माझे अजून चांगले आहेत.

तर त्या दुपारी तीन ताटल्या धरून झाल्या. हिनं प्रत्येकीच्या कडेची जराशी नखावर घेतली, टोकाच्या ताटलीची काजळी चोळताना तिचा चेहरा असा झाला, जसा वरणात मीठ बरोबर पडलं की होतो. मग ती म्हणाली, "जरा पडते. छातीत जड वाटतंय, जेवण जास्त झालं." ताटल्या ओट्यावरच होत्या.

आमच्या घरी रीत अशी, की काजळ खरवडून डबीत भरलं की ताटल्या माझ्याकडं येतात. पितळ घासावं तर मी. चिंच-मीठ लावून असं घासतो की तोंड दिसावं. संध्याकाळी मी चहाची भांडी घासायला घेतली आणि त्या भरात पहिली ताटली घासली. दुसरी घासली. तिसरी निम्मी झाली तेव्हा हात थांबला.

आता हे लिहितानाही कान तापतात. तिसरी निम्मी राहिली होती. तेवढी तरी ठेवता आली असती. पण दोन लख्ख आणि एक निम्मी काळी म्हटल्यावर दारातूनच सगळं दिसलं असतं. म्हणून मी तीही घासली. तिन्ही पुसून फडताळात उभ्या केल्या, जशा नेहमी असतात.

आतून आवाज आला, "झाकून ठेवल्यात ना हो?"

"हो," म्हटलं.

उद्या सांगू, असं ठरवलं. उद्या चहा झाला की सांगायचं, ती दोन शब्द बोलेल, मग पुन्हा धरू. रविवारला अवकाश होता. एरंडेल होतं, वाती होत्या.

सकाळी चहा घेऊन गेलो. हाक मारली. हात लावला तर गार होता. फौजेत मी मेलेली माणसं बघितलेली आहेत, मला विचारावं लागलं नाही.

आणि तेव्हा माझ्या मनात पहिलं जे आलं ते हे, की आता सांगायला नको.

रडू नंतर आलं. ती गेली, हेही नंतर. आधी हे आलं. सुटलो, असं आलं. कप हातात होता, चहा गरम होता, आणि मी सुटलो होतो. जन्मभर भांडणं केली असतील, हिला टोचून बोललो असेन, त्याचं मला एवढं काही नाही, तीही बोलायची. पण ते एक क्षणाचं सुटल्यासारखं वाटणं मला कुणाला सांगता येत नाही. म्हणून लिहितोय.

शेजारची चाची पहिल्यांदा आली. मग गल्लीतल्या बायका. ही सवाष्ण गेली, म्हणून तिला हिरवी साडी, मळवट, बांगड्या, सगळं करायचं होतं. काजळ कुठं ठेवलंय ते चाचीनं मला बाजूला घेऊन तिच्या बुंदेलीत विचारलं, "काजर कितै धरो, दादा?"

मी फडताळाकडं बघितलं. तिथं तीन ताटल्या चकाकत होत्या. हिची डबीसुद्धा रिकामी होती, मागच्याच आठवड्यात कुणाच्या छठीला गेली होती. मी म्हणालो, "नाहीये."

"नैंया? इनके घरै काजर नैंया?" चाचीला खरं वाटेना. मग म्हणाली, "रुको. इनईं को बनाओ धरो है मोरे घरै. लै आउत."

शेजारच्या घरातून हिच्याच हातचं काजळ आलं आणि हिच्या डोळ्यांत गेलं. माझ्या घरात नव्हतं. बायका कुजबुजल्या असतील, नसतील. मला ऐकू आलं नाही, पण मी ओसरीवर जाऊन उभा राहिलो.

नात बसनं निघाली होती. वाटेवरच्या मोठ गावाला आल्यावर तिचा फोन आला, "आजोबा, मोठ आलं, आणखी थोडंच राहिलंय, आजीला थांबवा हं." तिला थांबवा म्हणाली, जसं काही गाडी सुटतेय. आम्ही थांबलो. मुलगी-जावईही तोवर पोचले.

सगळं आटोपून घरी आलो, अंघोळी झाल्या, तेव्हा ती माझ्याजवळ येऊन बसली. डोळे सुजलेले. मग हळूच म्हणाली, "आजोबा, ताटल्या?"

सांगायची वेळ तीच होती. बाहेर मुलगी कुणाशी तरी फोनवर बोलत होती, खोलीत आम्ही दोघंच. मी म्हणालो, "आहेत. ठेवल्यात."

"अभी मत दिखाइए," ती म्हणाली. "आता नाही बघवणार. मी जाताना द्या. कुणाला हात लावू देऊ नका, प्लीज."

म्हणजे मरणाऱ्या बाईशी एकदा खोटं बोललो आणि जित्या पोरीशी एकदा. त्यानंतर मी जे केलं ते याच्याही पुढचं.

तेराव्याच्या सामानाला सगळे एलाइट चौकाकडं बाजारात गेले त्या दिवशी मी मागच्या खोलीचं दार लावलं आणि दिवा लावला. तेच एरंडेल, त्याच वाती, त्याच ताटल्या. पाठीवर ओलं फडकंही घेतलं. एक पिवळ्या पोटात, एक टोकाला, एक वीतभर वर. मला सगळं ठाऊक होतं, मी खुंटी होऊन बसलो होतो ना! पण सांडशी धरली की वात मोठी व्हायची. वात सारायला हात काढला की ताटली कलायची. ज्योत लांब होऊन धूर सोडायला लागली. वरच्या ताटलीवर तर कोळ्याच्या जाळ्यासारखी लोंबायला लागली काजळी.

काळं झालं खरं. लांबून बघितलं तर काळं ते काळंच.

मी नखावर घेऊन चोळलं. काही समजलं नाही. मला वाटलं बारीक आहे. पुन्हा चोळलं, वाटलं जाड आहे. जन्मभर गरम तवे आणि पातेली उचलून माझी बोटं अशी झालीत, की त्यांना खर आणि मऊ एकच. इतकी वर्षं त्या बाईनं माझ्यासमोर बसून चोळून दाखवलं आणि माझ्या अंगठ्यात त्यातलं काही आलं नव्हतं. पाण्यावर सोडलं. ठिपके झाले. मी वाटीला टिचकी मारली, म्हटलं आता पसरेल. ठिपके ठिपकेच राहिले. डोळ्यात घालून बघायची हिंमत झाली नाही.

तरी मी त्या ताटल्या टोपलीखाली झाकून फडताळात ठेवल्या.

नात निघायच्या आदल्या संध्याकाळी मी स्वतःच त्या काढून दिल्या. तिनं टोपली उचलली आणि किती तरी वेळ नुसती बघत राहिली. तिला रडू आलं. "आजीनं शेवटचं..." एवढंच म्हणाली. मला वाटलं आता जमीन फाटली तर बरं. जमीन काही फाटत नाही.

"टोकाची कोणती, आजोबा?"

"ही मधली."

तिनं कडेची जराशी अंगठ्याच्या नखावर घेतली, आजीनं शिकवलं होतं तशी, आणि चोळली. तिच्या कपाळाला आठी पडली. पुन्हा घेतली, पुन्हा चोळली. नख दिव्यापाशी नेऊन बघितलं.

"खर लागतेय," ती म्हणाली.

मी टोपली उचलून बाजूला ठेवली.

"नाही, माझंच चुकतंय. आजीसारखा अंगठा कुठे आहे माझा." तिनं नख जुन्या साडीच्या फडक्याला पुसलं. "असू दे. मशीनमध्ये कळेलच. सगळ्या रीतींनी काढणार मी. आजीच्या दिव्याची म्हणूनच लिहिणार, सबसे ऊपर."

मग तिनं एकेक ताटली खोक्यात उतरवली, मधे पुठ्ठे घातले, काजळीला काही टेकू नये म्हणून. तान्ह्या मुलाला झोपवतात तशी. मी बाजूला बसून बघत होतो. पोरगी बरोबर होती. तिचा अंगठा बरोबर सांगत होता आणि ती त्या अंगठ्यालाच खोटं ठरवून मोकळी झाली, कारण आजीचं काजळ खरखरीत असेल हे तिला मान्यच नव्हतं.

जेवताना मुलगी म्हणाली, बाबा, दोन घास तरी खा. मी म्हटलं, खातोय. मनात एकच चाललं होतं, की ती टिकली दुर्बिणीखाली जाईल, झोत सुटतील, आणि तिन्ही रीती एरवी एकमेकींशी भांडत असल्या तरी या एका गोष्टीवर त्यांचं एकमत होईल, की ही काजळी जाड आहे. कानपूरच्या त्या मोठ्या कॉलेजात माझ्या बायकोच्या नावापुढं माझ्या हातची खर लागेल. जिच्या काजळानं गल्लीतल्या एका लेकराच्या डोळ्याला पाणी आलं नाही, तिच्या. आणि ती आता येऊन म्हणणार नाही, की हे माझं नव्हे.

माझी लाज वाचत होती ती अशी.

सकाळी मी सगळ्यांच्या आधी उठलो. नात अंघोळ करून बाहेर आली, केस ओले, खोकं दाराशी पिशवीवर ठेवलेलं. चाची निरोपाला पुऱ्या घेऊन आली होती, मुलगी चहा गाळत होती. एकटीला गाठून सांगावं असं मनात होतं, पण एकटीला गाठलं तर पुन्हा दुसरंच बोलेन अशी मला माझीच भीती वाटली. म्हणून सगळ्यांसमोर बोललो.

"त्या ताटल्या तिच्या नाहीत. मी धरल्यात. तिच्या मी घासून टाकल्या, ती जायच्या आदल्या संध्याकाळी. चुकून. तिसरी मात्र चुकून नाही."

गाळणी मुलीच्या हातात तशीच राहिली. चाचीला शब्द समजले नसतील, पण ती पुऱ्यांचा डबा धरून हलली नाही.

नात माझ्याकडं बघत होती. ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"आजीला माहीत होतं?"

"नाही. तिनं विचारलं, झाकून ठेवल्यात का. मी हो म्हणालो."

"और मुझे भी."

"तुलाही."

ती वाकली, खोक्याची दोरी सोडली, तिन्ही ताटल्या काढल्या आणि ओट्यावर ठेवल्या. एकीवर तिचं बोट लागलं, ते तिनं पुसलं नाही. मग चपला घातल्या. आईला म्हणाली, उशीर होतोय.

मी तिची पिशवी उचलली. ती जड होती आणि माझा गुडघा धड नाही, हे तिला माहीत आहे. तिनं पिशवी माझ्या हातातून घेतली नाही, राहू द्या असंही म्हणाली नाही. पुढं ती, मागं मी, असे कोपऱ्यावरच्या टेम्पोपर्यंत चालत गेलो.